मास्तरच्या गासड्या

त्या माणसाचा मला आजही राग येतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. चांगलं बोलणारे त्याच्या जितेपणी कुठे गेले होते? तेव्हा तर सारे दात काढून हसत होते. आता वर्ध्यात कोणी भुताचा सिनेमा पाहून आला आणि ‘काय हवेली दाखवली बाप्पा’ म्हणाला, की माझं डोकं सटकतं. अशाच एका सिनेमातल्या हवेलीपायी एका मास्तराची अब्रू गेली, आणि ती घालवण्यात पहिला हात माझा होता.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे काम. सिंदी मेघेहून सायकलनं यायचो. खिळे जुळवता जुळवता माझी भाषा पुस्तकी झाली, राग मात्र वऱ्हाडीच राहिला. मास्तर गावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. मूळचे अल्लीपूरचे. लग्न केलं नव्हतं, का केलं नाही ते कोणी विचारलं की म्हणत, ‘विचारलं होतं, ती नाई म्हणाली. म्हणजे हा निर्णय तिचा, माह्या नावावर लावू नका.’

ही त्यांची मुख्य खोड. कोणतीही गोष्ट ते ती कोणाकडून आली हे सांगितल्याशिवाय बोलत नसत. ‘आज पाणी येते, असं स्टेशनवरचा हमाल म्हणे.’ विनोद सांगायचा तर आधी, ‘हा पोस्टमास्तरचा आहे.’ वर्गात पोरानं बरोबर उत्तर दिलं की विचारायचे, ‘शाब्बास. कोणाकडून शिकला?’ पोरगं खाली मान घालून म्हणायचं, गाइडातून. मग साऱ्या वर्गानं उभं राहून गाइडाचे आभार मानायचे. हेडमास्तर याच्यावर फार चिडत. एकदा मास्तर माझ्या घरी जेवायला आले. बायकोनं अंबाडीची भाजी केली होती. ‘कोणाकडून शिकल्या बाई?’ आईकडून. ‘आन आई कोणाकडून?’ तिच्या आजीचं नाव निघालं तेव्हाच त्यांनी दुसरी भाकर घेतली. पुढे त्या भाजीची गोष्ट निघाली की ते वर्ध्याच्या भर बाजारात माझ्या आजेसासूचं नाव घेत. आमच्या वस्तीत येऊन, आमच्या ताटात जेवणारा त्या शाळेतला हा एकच मास्तर होता. हेही सांगून ठेवतो, म्हणजे मी नुसता राग राग करतो असं वाटायला नको.

त्यांना दोन व्यसनं. एक, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी भयकथा. पुठ्ठे सुटलेली दोन-तीन पुस्तकं होती, तीच फिरवून फिरवून वाचायची. दुसरं, सिनेमा. रविवारचा दुपारचा खेळ चुकवत नसत, आणि भुताचा असेल तर मलाही ओढून नेत. पडद्यावर वारा सुटला, दिवा विझला, दार करकरलं की माझ्या कानाशी लागत, ‘हे दार त्या पुस्तकातलं. हे धुकं बी तिथलंच. पांढऱ्या साडीतली बाई दुसऱ्या पुस्तकातली, तिथं तिचा झगा होता.’ मागचे लोक शुक् शुक् करायचे. भुताला मास्तर शंभरपैकी मार्क देत. पस्तीसच्या वर मी कोणाला गेलेलं पाहिलं नाही. आणि मध्यंतराला उठून सरळ बाहेर. म्हणत, मध्यंतरापर्यंत गोष्ट लिहिणाऱ्याची असते, पुढं ती पैसे लावणाऱ्याची होते. उरलेला सिनेमा ते चहाच्या टपरीवर स्वतःच सांगत, आणि मी पुढच्या रविवारी जाऊन पाहायचो तर नव्वद टक्के तसाच निघायचा.

‘अबे, आपल्या भुताले घर असते कधी?’ ते टपरीवर तावातावानं बोलायचे. ‘आपलं भूत चिचेवर राह्यते, विहिरीत राह्यते, नाल्याच्या काठानं फिरते. त्याले हवेली कोणं देली? तिकडं बाहेर बर्फ पडते, म्हणून त्यायचं भूत घरात बसते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात भुतानं घरात बसून पाहावं, जीव जाईन त्याचा.’

मी एकदा म्हणालो, ‘मास्तर, घर तर आमाले बी कोणी भाड्यानं देत नाई.’

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, ‘हे तुयं. कुठं सांगतलं तर तुया नावानं सांगीन.’ आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर माझ्या नावानिशी सांगून आले. तिथं चार घरमालक बसले होते. झालं, त्यांना मिर्च्या झोंबल्या.

पण मास्तर घेण्याच्या विरोधात नव्हते, हे नीट लक्षात घ्या, कारण गावानं ते कधीच लक्षात घेतलं नाही. ते म्हणत, ‘घ्या ना. साऱ्यायनंच घेतलं. पण घेतलं म्हणून सांगा, आन त्याच्यात आपलं काई टाका. म्हैस दुसऱ्याची असो, इरजण तं आपल्या घरचं लावा.’

त्यांनी तेच केलं होतं. आमचे छापखान्याचे मालक एक दिवाळी अंक काढत. त्यासाठी मास्तरांनी कथा दिली. मूळ इंग्रजी कथेत एक सरदार सख्ख्या भावाला मारून गढीच्या जिन्याखाली पुरतो, आणि तेव्हापासून जो तो जिना उतरेल त्याला एक पायरी जास्त लागते. मास्तरांनी ती गोष्ट उचलून हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसाच्या कारखान्यात, आणून ठेवली. तिथला शेठ आपल्या विधवा भावजयीला मारतो, कारण ती नवऱ्याचा वाटा मागते, आणि कापसाचे गठ्ठे बांधतात त्या गासडीत दाबून टाकतो. मग रोज कोणती तरी एक गासडी काट्यावर माणसाच्या वजनाइतकी जास्त भरते. रोज वेगळी. आणि हमाल दुपारी भाकर खायला बसले की गासड्यांच्या थप्पीतून जात्यावरच्या ओवीची चाल ऐकू येते. नुसती चाल, शब्द नाहीत. भर दुपारी ती कथा जुळवताना माझ्या हातातून खिळे निसटत होते.

कथेच्या शेवटी, बारीक टायपात लावण्यासाठी, मास्तरांनी एक ओळ लिहून दिली होती. या कथेचा सांगाडा अमुक इंग्रज लेखकाचा आहे. गासड्या आणि ओवी तेवढी माझी.

शेवटचा फर्मा, म्हणजे एका खेपेला छापायची पानं, लावताना एक ओळ पानाबाहेर गेली. समोरच्या पानावर दंतमंजनाची जाहिरात, तिला हात लावायची सोय नाही. मालक घाईत होते. म्हणाले, ‘एक ओळ काढून टाक. कोणती बी काढ, मले विचारू नको.’ मी कथा वरून खाली तीनदा वाचली. एकही ओळ काढवेना. मग मी खालची बारीक ओळ काढली. मला वाटलं, कथा तोडणं पाप आहे, टीप काय, कोण वाचते? आणि खरं सांगतो, असंही वाटलं की त्या मेलेल्या गोऱ्याचं आमच्या मास्तरांच्या कथेखाली काय काम? सारं नाव मास्तरांचंच होऊ दे. म्हणजे मी ती भक्तीनं कापली. भक्त लोक असाच गळा कापतात.

अंक हातात पडताच मास्तर छापखान्यात आले. मालकांनी बोट माझ्याकडे केलं. मी कबूल केलं.

‘तू मेलेल्या माणसाचं नाव खाल्लं बे,’ मास्तर म्हणाले. ‘जिता असता तं भांडाले तरी आला असता.’

‘मास्तर, तुमच्या कथेतलं एक अक्षर बी म्या कमी होऊ देलं नाई.’

‘कथा पुरी मायी होतीच कुठं? माह्यं किती आन त्याचं किती, हे ज्या ओळीत लिहिलं होतं तेवढी एक ओळ मायी होती.’

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली, पण या बोलण्यानं माझी मान जी खाली गेली ती गेली. मालक म्हणाले, शुद्धिपत्र पुढच्या दिवाळीला टाकू. पुढची दिवाळी वर्षानं येणार होती. मास्तरांनी मालकांकडून अंक घेणाऱ्यांची यादी लिहून घेतली, दौत-टाक घेतला, आणि मला म्हणाले, ‘रविवारी सायकल घेऊन येजो.’

मग आम्ही गावोगाव फिरलो. घराघरात जायचं, अंक मागायचा, पान काढायचं, आणि मास्तरांनी आपल्या वळणदार अक्षरात ती ओळ कथेखाली शाईनं लिहायची. मी दौत धरून उभा. शाई वाळेपर्यंत मास्तर पानावर फुंकर घालत. हिंगणीला एक गृहस्थ म्हणाले, अंकानं तर चूल पेटवली. मास्तरांनी विचारलं, ‘पूर्ण की काही पानं उरली?’ अल्लीपूरला त्यांची काकू रागावली, ‘काऊन रे, एका ओळीसाठी उन्हातान्हात हिंडून राह्यला?’ मास्तर म्हणाले, ‘चूक छापून गावभर गेली काकू. दुरुस्तीले पायी जा लागते.’ लोक त्यांना येडा म्हणायचे. मीही मनात म्हणायचो. सहा-सात महिने आमचे सारे रविवार, सिनेमाच्या खेळासकट, त्यात गेले. मुंबईला गेलेल्या चार-पाच प्रतींपर्यंत मात्र आमची सायकल पोचत नव्हती.

मधल्या काळात आमच्या वस्तीनं धर्म बदलला. दसऱ्याला नागपूरला जाऊन आलो, घरातले देव विसर्जन केले. मालक मला हसून म्हणाले, ‘आता बुद्धाचा झाला तं राग सोडला असशीन.’ मी म्हटलं, उलट आता कुठे तो करायची सोय झाली.

दिवाळी आली नि गेली, मालकांनी शुद्धिपत्र काही छापलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तो सिनेमा वर्ध्याला लागला. रविवारी दुपारी आम्ही दोघं बसलो. पडद्यावर थंड हवेचा डोंगर, धुकं, देवदाराची झाडं, त्यात हवेली, हवेलीत एक ठाकूर. मास्तर मार्क देत बसले होते. मग ठाकुरानं विधवा भावजयीला मारलं. मास्तरांचे मार्क थांबले. मग कंदील घेऊन एक नोकर तळघरात उतरला, आणि तळघरात कापसाच्या गासड्या. एकावर एक रचलेल्या. त्यातून ओवीची चाल, नुसती चाल.

देवदाराच्या जंगलात कापसाच्या गासड्या कुठून आल्या, हे त्या सिनेमावाल्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. गोऱ्याच्या कथेतून हवेली घेतली, मुंबईला गेलेल्या एखाद्या अंकातून मास्तरांच्या गासड्या घेतल्या, आणि दोन्ही एकमेकांत कोंबल्या. अरे, चोरी करायला तरी डोकं लागते.

मध्यंतर झालं. मास्तर उठले नाहीत. शेवटपर्यंत बसले. सुरुवातीच्या नावांत कथा म्हणून कोण्या तिसऱ्याच माणसाचं नाव गेलं होतं. शेवटी ‘समाप्त’ आलं. तेव्हा मास्तर उभे राहून पडद्याकडे हात करून म्हणाले, ‘त्या गासड्या माह्या हायेत.’ सारी टॉकीज खदाखदा हसली. दुसऱ्या दिवसापासून पोरं रस्त्यानं ओरडायला लागली, मास्तरच्या गासड्या, मास्तरच्या गासड्या.

मास्तरांनी सिनेमा कंपनीला पत्र लिहिलं. मी म्हणालो, मास्तर, एखाद्या वकिलाला दाखवा. ऐकतील तर ते मास्तर कसले. पैसा मागितला नाही. एवढंच मागितलं की नावांच्या पाटीवर एक ओळ टाका, सांगाडा त्या इंग्रज लेखकाचा, गासड्या आणि ओवी माझी. मूळ कथा कोणती, कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर, सारं प्रामाणिकपणे लिहिलं. सोबत स्वतःचा अंक जोडला, शाईची ओळ असलेला.

उत्तर वकिलाकडून आलं, आणि त्याची एक प्रत शाळेच्या कमिटीला. कथा जुनी परदेशी आहे, ती कोणाचीही नाही, हे मास्तर स्वतःच कबूल करतात. त्यांनी ती आपली म्हणून छापली. छापील अंकात ऋण मान्य केल्याचा एक शब्द नाही. चोरी अंगाशी येईल या भीतीनं मागाहून शाईनं ओळ घुसडली आहे. अशा माणसानं आम्हाला चोर म्हणू नये.

कमिटीनं गावातून अंक गोळा केले. प्रत्येक अंकात तीच ओळ, मास्तरांच्याच अक्षरात. याहून मोठा पुरावा काय पाहिजे? ‘पाहा,’ अध्यक्ष म्हणाले म्हणे, ‘माणूस गावोगाव फिरून चोरी झाकत होता.’ सात महिने उन्हात सायकल हाणून आम्ही जी शाई वाळवली, तीच त्यांच्या तोंडाला फासली गेली.

कमिटीपुढे मास्तरांची नोकरी होती, पण मास्तरांना नोकरीचं फार नव्हतं. त्यांना एकच पाहिजे होतं, की मी दुसऱ्याचं आपलं म्हणून छापलं नाही, हे कोणीतरी मान्य करावं. आमच्या मालकांना बोलावलं. ते सरळ म्हणाले, अशी ओळ माझ्या छापखान्यात आलीच नव्हती. हस्तलिखित तर केव्हाच रद्दीत गेलं होतं. मला मालकांनी आदल्या दिवशी दम दिला होता, तिकडे फिरकला तर परत इकडे येऊ नको. घरी दोन लेकरं होती. मी फिरकलो नाही. आता यावर काय बोलू? घाबरलो, बस.

काय झालं ते शाळेच्या चपराशानं येऊन सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही म्हणता ओळ कापली, तर कापली कोणी? नाव सांगा.

मास्तर म्हणाले, ‘माहीत नाई.’

भाजी कोणाकडून आली हे तीन पिढ्या मागं जाऊन विचारणारा माणूस. मी हातातली ओळी जुळवायची स्टिक तशीच टाकली, खिळे सांडले, आणि मास्तरांच्या खोलीवर गेलो. ते पुस्तकं ट्रंकेत भरत होते.

‘मायं नाव काऊन नाई सांगतलं?’

‘सांगून काय होते?’

‘तुमची नोकरी वाचली असती. नाव वाचलं असतं.’

मास्तरांनी ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावर बसले. ‘बाबू, तुयं नाव सांगतलं असतं तं त्यायनं ओळीचं काई विचारलं नसतं. तुयं आडनाव विचारलं असतं. मंग म्हटलं असतं, अशा लोकायच्या हाती खिळे देले तं हेच होईन. माही एक ओळ गेली, तुयं पुरं काम गेलं असतं.’

खरं होतं. म्हणूनच मला राग आला. मी त्यांना वाट्टेल ते बोललो. म्हणालो, तुम्ही कोण मला झाकणारे? तुम्हाला कोणं सांगितलं होतं? मास्तरांनी सारं ऐकून घेतलं आणि उठून ट्रंकेला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्षांच्या कापडाच्या दुकानात गेलो. पायरीवर उभा राहिलो. ते एका बाईला लुगडं दाखवत होते. मी साऱ्यांसमोर म्हणालो, ‘शेठजी, ती ओळ म्या कापली. मास्तरानं लिहून देली होती. म्या जुळवली होती, मंग म्याच काढली.’

त्यांनी मला खालून वर पाहिलं. ‘तू कोण?’

मी नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. काम सांगितलं.

‘तू ठरवलं, कोणती ओळ ठेवायची आन कोणती काढायची?’

‘हो. म्या वाचून ठरवलं.’

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. गादीवरच्या मुनिमाकडे वळून म्हणाले, ‘पाहा, मास्तरनं पढवून पाठवला. याले काय समजते कथेतलं?’ आणि पुन्हा लुगड्याची घडी उलगडायला लागले.

मी म्हणालो, कथा माझी पाठ आहे, म्हणून दाखवतो. त्यांनी वर पाहिलं नाही. त्या बाईनं मात्र पदर सावरून माझ्यापासून थोडं सरकून घेतलं.

मास्तरांना काढल्याचं पत्र चार दिवसांनी निघालं. त्यात चोरीच्या आरोपाखाली दुसरा आरोप होता, की त्यांनी छापखान्यातल्या एका अडाणी नोकराला खोटी साक्ष द्यायला पाठवलं. मालकांनी त्याच दिवशी मलाही रस्ता दाखवला. मास्तर वर्ध्यातून गेले, पुढे कुठल्याशा खेड्यात शिकवण्या घेत राहिले आणि तिथेच वारले, असं कळलं. तो सिनेमा अजूनही कधी कधी लागतो, आणि लोक गासड्यांच्या सीनला घाबरतात.

सिनेमावाल्यांचा राग येतो, कमिटीचा येतो, मालकांचा येतो. पण सगळ्यात जास्त मास्तरांचा येतो. गोऱ्याचं गोऱ्याला दिलं, भाजीचं आजेसासूला दिलं, मग माझं मला का नाही दिलं? चूक माझी होती. मी कथा वाचली होती, मला ती समजली होती, आणि समजली म्हणूनच मी चुकलो. साऱ्या वर्ध्यात ही गोष्ट एका माणसाला ठाऊक होती, आणि त्यानं माहीत नाही म्हटलं.